पट्टेरी फ्लोरिबंडा आणि आपली टीचभर बाग

अंगणवेडी

गुलाबावर इथे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळे हायब्रिड टीवर, म्हणजे लांब दांडी, एक फूल, प्रदर्शनात बक्षीस. माझा विषय जरा खालच्या पायरीवरचा आहे. पुण्यात रो-हाउसच्या पुढ्यात आठ फूट बाय तीन फुटांचा वाफा आहे. तोंड पूर्वेला, ऊन दुपारी दोनपर्यंत. त्यात मी एकाच जातीची झाडं लावली आहेत. पट्टेरी फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणारा गुलाब: सायीच्या रंगाच्या पाकळ्यांवर गडद लाल रेघा, मधेच शिंतोडे, कधी अर्धी पाकळी लाल आणि अर्धी कोरी. एकासारखं दुसरं फूल नाही.

फ्लोरिबंडाच का, तर वाफा भरण्यासाठीच हा गट जन्माला आलाय. डेन्मार्कच्या पोल्सन मंडळींनी छोट्या फुलांच्या, झुपकेदार पॉलिअँथा गुलाबांशी हायब्रिड टीचा संकर केला. त्यांची 'एल्स पोल्सन' ही जात १९२४ ची. हेतू साधा होता: थंडीत टिकावं, बुटकं राहावं, एका दांडीला घोस यावा आणि एक बहर संपतोय तोवर दुसऱ्याच्या कळ्या दिसाव्यात. आपल्याकडे उंची अडीच-तीन फूट होते. दोन-दोन फुटांवर नागमोडी लावली तर एवढ्या वाफ्यात सहा झाडं आरामात बसतात.

आता मुद्दा. पट्टेरी गुलाब मोठ्या बागेत वाया जातो असं माझं ठाम मत आहे. पंधरा-वीस फुटांवरून बघा, लाल आणि पांढरं एकमेकांत मिसळून नुसतं मळकट गुलाबी दिसतं. रेघ दिसायला झाड हाताच्या अंतरावर हवं, फाटकातून दारापर्यंत जाताना ओढणी अडकेल इतकं जवळ. म्हणजे जागा कमी आहे म्हणून हा गुलाब 'चालवून घ्यायचा' नाही, जागा कमी असेल तरच तो लावायचा.

कोणाकडे आहे का? जाती, रोग, छाटणी, काहीही लिहा.

चिकित्सक

मोठ्या बागेत वाया जातो हा मुद्दा पटला, पण सहा झाडं एकाच पट्टेरी जातीची? डोळ्यांना विश्रांती कुठे? पट्ट्यांचा साज एका जागी खुलतो, सहा जागी तो बोहारणीचं गाठोडं दिसतो. मी असतो तर दोन पट्टेरी आणि चार पांढरी लावली असती.

दुसरं, 'पुन्हा पुन्हा फुलणारा' हे विशेषण लोक उगाच लावतात. आपल्याकडे कुठला गुलाब वर्षातून एकदाच फुलतो?

अंगणवेडी

@चिकित्सक, गाठोडं मान्य नाही :) पण पांढऱ्याचा सल्ला चांगला आहे. मी झाडांच्या पायाशी पांढरं अ‍ॅलिसम पेरते. थंडीत ते पसरतं, उघडी मातीही झाकते. गुलाबावर गुलाब मात्र एकच ठेवते, कारण सगळ्या झाडांची छाटणी, खत, फवारणी एका वेळी होते. दोन जाती म्हटल्या की एक बसकी राहते आणि दुसरी तिच्या डोक्यावर जाते.

दुसऱ्या शंकेचं उत्तर पेन्शनर काका देतील. कुठे आहात काका?

पेन्शनर_बाग

आहे, आहे. गुडघे संपावर आहेत, बोटं चालतात.

चिकित्सकराव, आपल्याला गुलाब बारमाही वाटतो कारण आपल्या नर्सऱ्यांत चिनी रक्ताचेच गुलाब आले. युरोपातले जुने गुलाब बव्हंशी वर्षातून एकदाच फुलायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बारमाही गुलाब तिकडे पोचले, संकर झाले आणि मग चित्र पालटलं.

पट्ट्यांची गोष्ट याहून जुनी आहे. 'रोझा मुंडी' हा गॅलिका गुलाब कित्येक शतकं युरोपातल्या बागांत आहे, गुलाबीवर पांढरे पट्टे, पण फुलतो एकदाच. १९०९ ची 'व्हेरिएगाटा दि बोलोन्या' सुंदर खरी, तीही मुख्य बहर एकदा देते आणि नंतर हात आखडते. पट्टेही आणि पुन्हा पुन्हा बहरही, असा जोड १९२१ च्या 'फर्डिनांड पिशार' या फ्रेंच जातीत नीट जमला. पुढे कॅलिफोर्नियात व्हायसेलिया गावच्या राल्फ मूर यांनी ही जात आपल्या संकरांत घेतली आणि तिच्यातून पट्टेरी मिनिएचर गुलाब काढले. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' ही त्यांची जात सत्तरच्या दशकातली. आजच्या पट्टेरी फ्लोरिबंडांपैकी बहुतेकांची वंशावळ मागे नेली की मूरांच्या दारात जाते. हा मनुष्य १०२ वर्षं जगला आणि उतारवयातही संकर करत होता. आम्ही सत्तरीत गुडघे मोजतो.

गच्चीराज

काका, मस्त माहिती. पण हे पट्टे येतात कसे? शाळेत ट्यूलिपबद्दल ऐकलेलं की व्हायरसमुळे रेघा पडतात. गुलाबालाही रोगच झालेला असतो का? रोगट झाड घरी आणायला बायको नाही म्हणेल.

(ठाण्यात सातव्या मजल्यावर गच्ची आहे. सोसायटीशी भांडून मिळवलेली.)

मृद्गंधा

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मधे बोलते. सतराव्या शतकातल्या हॉलंडच्या ट्यूलिपांच्या रेघा विषाणूमुळे होत्या हे बरोबर, पण गुलाबाचं तसं नाही. गुलाबातल्या विषाणूची, मोझेकची, नक्षी पानांवर उमटते, पिवळ्या नागमोडी रेघा दिसतात. पाकळीवरच्या पट्ट्यांचं कारण पेशीच्या आतच असतं. लाल रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, बनवण्याचं काम काही पेशींत चालू असतं, काहींत बंद. पाकळी वाढताना ज्या पेशीत ते चालू किंवा बंद झालं, तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तशाच निघतात, म्हणून रेघ. बदल लवकर झाला तर रुंद पट्टा, उशिरा झाला तर बारीक शिंतोडा. अशा चालू-बंद खेळामागे बऱ्याच फुलझाडांत उड्या मारणारी जनुकं सापडली आहेत. ती पहिल्यांदा मक्याच्या दाण्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ओळखली आणि त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्या परसातली गुलबक्षी आठवा. एकाच झाडावर पिवळं फूल, गुलाबी फूल आणि मधेच दोन्ही रंगांच्या रेघांचं फूल. तिला कोणी रोगट म्हणत नाही. गच्चीराज, घरी हे सांगा.

गच्चीराज

सांगितलं. 'गुलबक्षी फुकट येते' असं उत्तर मिळालं.

नाशिककर_वेली

आमचं गाव एके काळी गुलशनाबाद, त्यामुळे बोलायचा हक्क राखून ठेवतो. घरची द्राक्षबाग आहे आणि तिच्या बांधाला दहा-बारा फ्लोरिबंडा आहेत, त्यांतले काही पट्टेरी.

छाटणीबद्दल. द्राक्षवाल्याला सोपं जातं, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी अंगवळणी पडलेली असते. गुलाबाचंही महाराष्ट्रात जून आणि ऑक्टोबर असं दोनदा चालतं, पैकी ऑक्टोबरची खरी. पाऊस पूर्ण उघडला, जमीन वाफसा धरायला लागली की करा. पण फ्लोरिबंडा म्हणजे हायब्रिड टी नव्हे. तिला गुडघ्याखाली आणू नका, वरचा तिसरा हिस्सा काढा, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या काढा, मध्य मोकळा करा. जास्त काड्या राहिल्या तर जास्त घोस. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात पहिला बहर. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद एक, चुना एक, पाणी दहा), नाहीतर काडी वरून काळी पडत खाली येते.

घोस संपला की एकेक फूल खुडत बसू नका. अख्खा घोस, त्याच्या खालच्या पहिल्या सुदृढ पाच पानी पानापर्यंत कापा. पुढचा फुटवा तिथूनच येतो. हे केलं नाही तर 'पुन्हा फुलणारा' गुलाब हळूहळू सुस्तावतो.

आणि भुरी! डिसेंबर-जानेवारीत दिवसा कोरडं, रात्री गारवा आणि दव, की कोवळ्या शेंड्यांवर पांढरी पावडर. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी. पारा बत्तीसच्या वर असेल तर गंधक नको, पानं भाजतात.

दर्यावर्दी

नाशिककरांनो, तुमचं दव म्हणजे आमच्याकडे उन्हाळा. रत्नागिरीत राहून गुलाब लावणं हा हट्ट आहे आणि तो मी करतो. पानावर सलग सातेक तास ओल राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते म्हणतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पान कोरडं कधी होतं ते सांगा. जुलैत झाड काड्यांवर येतं.

म्हणून जमिनीत लावत नाही. चौदा इंची कुंड्या, तळाला जांभ्याचे तुकडे, आणि पावसाळ्यात कुंड्या पडवीच्या कडेला, जिथे तिरकं ऊन लागतं पण पागोळी पडत नाही. गळलेली पानं रोज उचलायची, मातीवर राहू द्यायची नाहीत, बुरशी तिथूनच परत उडते. उघडीप मिळेल तेव्हा मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम. एवढं केलं तर नोव्हेंबर ते मार्च फुलं बघायला शेजारी येतात. पट्टेरी जातींत ठिपक्यांना तोंड देणारी एकही मला अजून भेटलेली नाही. अंगणवेडीताई, पुण्याच्या सहा-सातशे मिलिमीटर पावसात तुमचं निभतं, घाटाखालच्यांनी वाफा भरायच्या फंदात पडू नये.

अंगणवेडी

@दर्यावर्दी, अगदी मान्य. वाफ्याची शिफारस घाटमाथ्याच्या पूर्वेसाठीच समजा. माझ्याकडेही ऑगस्टमध्ये खालची पानं जातात. तेव्हा अ‍ॅलिसम नसतं आणि मातीवर वाळका पालापाचोळा जाड पसरलेला असतो, त्यामुळे पावसाचे थेंब मातीवरून पानांवर उसळत नाहीत. याने बराच फरक पडतो.

ऑरेंज_सिटी

नागपूरहून. आमच्याकडे हिवाळा दृष्ट लागण्यासारखा, डिसेंबरात त्याच झाडाला रेघा अशा की रक्ताने ओढल्यात. आणि एप्रिल लागला की फूल बटणाएवढं, रेघा फिक्या, पाकळ्या कडेने करपलेल्या. मला वाटलं झाड बिघडलं म्हणून नर्सरीवाल्याकडे नेलं, तो हसला फक्त.

मृद्गंधा

झाड बिघडलेलं नाही. अँथोसायनिन उष्णतेत कमी बनतं आणि बनलेलंही टिकत नाही. थंडीत फूल सावकाश उमलतं, रंग साठायला वेळ मिळतो. पंचेचाळीस अंशांत तुम्ही त्याच्याकडून रेघांची अपेक्षा करू नये. एप्रिल-मेमध्ये कळ्या खुडून टाका, झाडाला विश्रांती द्या, दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांचं शेडनेट आणि मुळांवर जाड आच्छादन. आणि पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत जा, लाल कोळी ही कीड याच दिवसांत बसते.

एडिसनकर

न्यू जर्सीहून हजेरी. इथे नावाचं लेबल विश्वासाचं असतं, त्यामुळे नाव सांगू शकतो: 'सेंटिमेंटल'. टॉम कॅरुथ यांची फ्लोरिबंडा, १९९७ चा ऑल-अमेरिका हा नव्या गुलाबांना मिळणारा पुरस्कार. सायीवर गडद बरगंडी, आणि वास! मसाल्याकडे झुकणारा, दमदार. घराच्या पुढच्या पट्ट्यात चार झाडं आहेत. मेअखेरीपासून पहिल्या कडक हिमापर्यंत फुलत राहतात, मधे दर पाच-सहा आठवड्यांनी लाट येते. त्याच कॅरुथांची 'फोर्थ ऑफ जुलै' ही १९९९ मध्ये पुरस्कार मिळालेली, पण ती वेल आहे, छोट्या वाफ्यात तिला बोलावू नका.

तुमच्याकडे थ्रिप्स (फुलांचा रस शोषणारे बारीक किडे), आमच्याकडे जपानी भुंगे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले तेच आमच्या राज्यात, १९१६ साली, आणि अजून माहेर सोडायला तयार नाहीत. जुलैत सकाळी साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन त्यांना त्यात पाडणे हा माझा योगाभ्यास. फिक्या रंगांच्या फुलांवर त्यांचा जीव जास्त.

अंगणवेडी, तुमचं वर्णन ऐकून तुमचीही 'सेंटिमेंटल'च असावी असं वाटतं. वास आहे का?

अंगणवेडी

वास आहे, पण मंद, नाक जवळ नेलं तरच. लेबलवर नुसतं 'स्ट्राइप, रेड-व्हाइट' लिहिलेलं होतं. उरुळी कांचनच्या बाजूला, सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणली. म्हणून नावावर दावा करत नाही. आपल्याकडे एकच सल्ला: पट्टेरी गुलाब फुलावर असतानाच घ्या. डिसेंबर-जानेवारीत जा, झाडावर किमान दोन घोस उमललेले बघा, दोन्हींत रेघा आहेत ना ते पाहा. नाव मागाहून शोधता येतं.

थ्रिप्सबद्दल मात्र खरंय. लाल गुलाबावर ते लपतात, सायीच्या पाकळीवर प्रत्येक ओरखडा दिसतो. कळी अर्धवट उघडून कडा तपकिरी झाली की समजायचं. निळे चिकट सापळे लावते आणि खराब कळ्या कापून पिशवीत बंद करून टाकते.

साधीभोळी

मी ऑनलाइन बघितलं, पट्टेरी गुलाबाचं बी मिळतंय, ९९ रुपयांत शंभर बिया, निळे-पांढरे पट्टे! घेऊ का?

पेन्शनर_बाग

घेऊ नका, बेटा. निळ्या पट्ट्यांचा गुलाब फक्त फोटो रंगवणाऱ्याच्या बागेत असतो. आणि खरं गुलाबाचं बी असलं तरी त्यातून आईसारखं झाड येत नाही, प्रत्येक रोप वेगळं निघतं. गुलाबाची जात टिकते ती डोळा भरून (म्हणजे तिच्या फांदीवरचा डोळा रानटी गुलाबाच्या खुंटावर बसवून) किंवा काडी लावून.

चिकित्सक

काका, भारतीय पट्टेरी गुलाब नाहीच का एखादा? सगळं अमेरिका-फ्रान्स चाललंय.

पेन्शनर_बाग

आहे की. 'अभिसारिका'. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, पुसाला, 'किस ऑफ फायर' या जातीवर गॅमा किरणांचा मारा करून जो बदल झाला तो पकडून ठेवला, ती ही. नावही कसं झकास ठेवलंय बघा, भेटीला निघालेली नायिका. पण ती हायब्रिड टी आहे, वाफा भरायला नव्हे, कौतुकाने एकटी लावायला. 'केअरलेस लव्ह' नावाची जुनी गुलाबी-पांढरी पट्टेरीही आपल्या नर्सऱ्यांत दिसायची. ती 'रेड रेडियन्स'च्या फांदीवर आपोआप झालेला बदल आहे, आणि म्हणूनच मनात आलं की परत माहेरच्या रंगावर जाते.

गच्चीराज

परत जाते म्हणजे?? पैसे देऊन पट्टे घ्यायचे आणि ते गायब?

पेन्शनर_बाग

घाबरू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक, फांदी एकरंगी होणे. झाड तेच, पान तेच, पण एका फांदीवर सगळी फुलं कोरी लाल. एखादं फूल तसं आलं तर सोडून द्या. पण फांदीवर दुसऱ्या बहरातही तेच आलं तर ती जिथून फुटली तिथूनच कापा. एकरंगी फांदी बऱ्याचदा जोमदार असते, ठेवली तर बाकीच्यांना दाबते. मूरांच्या वंशातल्या फ्लोरिबंडांत हा प्रकार कमी, 'केअरलेस लव्ह'सारख्यांत जास्त.

दोन, खुंटाचा, म्हणजे खालच्या रानटी गुलाबाचा फुटवा. डोळा भरल्याच्या जोडाखालून सरळसोट काडी येते, पानं वेगळी, काटे वेगळे. लोकांना वाटतं काय जोम धरलाय! वर्षभरात वरचा पट्टेरी गुलाब मरतो आणि रानटी राहतो. ही काडी कात्रीने कापू नका, दुप्पट येते. माती बाजूला करून उगमापाशी ओरबाडून काढा. लावतानाही जोड मातीच्या वर दोन बोटं ठेवा, म्हणजे फुटवा कुठून आला ते कळतं.

नाशिककर_वेली

+१. कलम घेतानाच जोडाची पट्टी सोडलीय ना ते बघा. प्लॅस्टिक तसंच राहिलं तर खोड आवळतं.

हडपसरी

वाफ्याची माती कशी केली ते कोणी लिहिलंच नाही. माझ्याकडे काळी माती आणि बोअरचं पाणी, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

अंगणवेडी

ते लोहाचं. चुनखडीची जमीन आणि जड पाणी, पुण्याच्या पूर्व भागात सर्रास. लोह मातीत असतं पण झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह फवारा, लगेच हिरवं होतं, पण कायमचा इलाज मातीत. मी दीड फूट खोल खणून काळी माती अर्धी काढली, उरलेलीत पोयटा, चांगलं मुरलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, वाफा जमिनीपासून अर्धा फूट उंच घेतला. काळ्या मातीत गुलाब पाण्याअभावी मरत नाही, पाणी साचून मरतो. जमलं तर पावसाचं पाणी साठवून थंडीत तेच घाला.

खत प्रत्येक बहरानंतर मूठभर पेंड आणि दोन मुठी गांडूळखत. नुसता युरिया नको, पानंच पानं होतात आणि भुरीला मेजवानी.

चिकित्सक

काल मुद्दाम एम्प्रेस गार्डनला जाऊन लांबून-जवळून गुलाब बघून आलो. पट्टेरी एकच सापडला. वीस पावलांवरून खरंच मळकट गुलाबी. तुमचा मुद्दा एक, माझा शून्य. पण सहा झाडांचं गाठोडं यावर मी ठाम आहे.

अंगणवेडी

जानेवारीत बहर असताना चहाला या, मग बोला.

गच्चीराज

मलाही बोलवा! आणि काका, ताईंकडून डोळे घेऊन ठाण्याला नेले तर जगतील? माझ्याकडे रानटी खुंट तयार आहे, पेन्सिलीएवढा जाड.

पेन्शनर_बाग

जानेवारी उत्तम. ज्या फांदीवर रेघांचा घोस येऊन गेलाय तीच मागा, नुसती हिरवी कोवळी नको. देठाचा तुकडा ठेवून पानं लगेच कापा, काडी ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी उन्हात नको. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. त्याच दिवशी संध्याकाळी भरा. पट्टी बांधताना डोळा उघडा ठेवा. तीन आठवड्यांत देठ आपोआप गळून पडला आणि डोळा हिरवा राहिला तर लागला. देठ वाळून चिकटून बसला तर दुसरा भरा, खुंटाला जागा भरपूर असते.

गच्चीराज

डॅशबोर्डचं तुम्हाला कसं कळलं?

अंगणवेडी

@गच्चीराज, या, पण रविवारी सकाळी. आणि फांदी मी निवडणार, कात्री तुमची आणा.